एकही भानगड नाही, तरी रात्री झोप नाही

"काकू, काल रात्री उशिरापर्यंत तुमच्याकडे दिवा दिसत होता. पाहुणे का?"

"कसले पाहुणे! लेकाने लॅपटॉपवर सत्यजित रायांवरचा माहितीपट लावून दिला आणि स्वतः घोरायला लागला. श्याम बेनेगलांनी केलाय, ऐंशीच्या दशकात, फिल्म्स डिव्हिजनसाठी. चांगला दोन तासांच्या वर आहे. म्हटलं अर्धा तास बघू नि आडवं होऊ. कुठलं काय!"

"म्हणजे आतल्या गोष्टी असणार. सांगा, सांगा."

"छट्! एक भानगड असेल तर शपथ. हिरॉइनचे नखरे नाहीत, कुणाशी फाटलं ते नाही. कोलकात्याच्या घरात पुस्तकांच्या ढिगाऱ्यात हा ताडमाड माणूस बसलाय, सहा फूट चार इंच, खर्जातला आवाज, आणि इंग्रजीतून शांतपणे आपल्या कामाबद्दल बोलतोय. मधे मधे सिनेमांचे तुकडे. 'घरे बाइरे'चं शूटिंग चालू होतं, तेही दाखवलंय. कॅमेऱ्याला डोळा स्वतःचाच हो! 'चारुलता'पासून तो दुसऱ्याच्या हाती देणंच सोडलं होतं म्हणे."

"मग तुम्ही उठला का नाहीत? मला तर पहिल्या दहा मिनिटांत पेंग आली असती."

"अगं, विचारणारा धंद्यातला होता ना! पत्रकार असता तर 'प्रेरणा कुठून मिळाली' करत बसला असता. इथे एका आचाऱ्याने दुसऱ्याला विचारावं, रस्सा फुटला नाही तो कसा, तसं चाललंय. त्यात दोघेही जाहिरातीतून आलेले. राय १९४३पासून कीमर कंपनीत चित्रं काढायचे, बेनेगल आपल्या मुंबईत लिंटासमध्ये. दुसऱ्याचा माल खपवता खपवता दोघांच्या डोक्यात सिनेमा. आणि कॅमेऱ्यामागे कोण, तर गोविंद निहलानी. आपल्या पानवलकरांच्या कथेवर 'अर्धसत्य' केला ना, तेच."

"पण ते दागिने गहाण टाकल्याचं खरं का? आमच्या सासूबाई सांगायच्या."

"खरं म्हणजे अगदी खरं. 'पथेर पांचाली'साठी बायकोचे दागिने गेले, विम्यावर कर्ज झालं, जमवलेल्या रेकॉर्डी विकल्या. नोकरी होती, म्हणून शूटिंग रविवारचं. कॅमेरामन सुब्रत मित्र विशीतला पोरगा, त्याने सिनेमाचा कॅमेरा कधी हातात धरलेला नाही. तू बघितलायस ना, ती पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून आगगाडी बघायला पळणारी भावंडं? १९५२च्या ऑक्टोबरात त्यातला थोडा भाग घेतला, पुढच्या आठवड्यात जाऊन बघतात तर गुरांनी सगळं गवत फस्त केलेलं!"

"अगंबाई! मग?"

"मग काय, थांबले पुढच्या मोसमापर्यंत. आपल्याकडे गवळी एक दिवस आला नाही तर घर डोक्यावर घेतो. बरं, एवढ्यावर संपत नाही. तो मिठाईवाला आठवतो? पुढे तो कावड घेऊन, मागे मुलं, त्यांच्यामागे कुत्रं. मधे पैसे संपले, काम बंद पडलं, तेवढ्यात मिठाईवाला वारला. दुसरा माणूस मिळाला तो अंगाने तसाच, पण तोंड वेगळं. त्याला पाठमोरा दाखवला! कुत्रंही मेलं होतं, तेही बदललं. पडद्यावर कळतच नाही. आता तू बघ मुद्दाम, शोधून दाखव."

"नको बाई, आता मला सगळीकडे पाठच दिसेल. आणि पैसे कुणी दिले शेवटी?"

"पश्चिम बंगाल सरकारने. सिनेमाच्या नावात रस्ता आहे म्हणून रस्त्यांच्या खात्यात हिशेब घातला, असं सांगतात. सरकारी खातं ते! पुढे १९५६ला कानला बक्षीस. तरी बोलणारे बोललेच. खासदार असताना आपल्या नर्गिसबाईंनीच सुनावलं, हा माणूस परदेशात देशाची गरिबी विकतो म्हणून."

"आणि हे बेनेगलांनी विचारलं का तोंडावर?"

"तिथेच तर माझी तक्रार आहे. बेनेगल आदब फार ठेवतात. स्वतः 'अंकुर', 'मंथन' करून बसलेला माणूस. आपल्या हंसाबाई वाडकरांच्या आत्मचरित्रावरून 'भूमिका' करणारा. तरी पाहुण्याकडे चहा घ्यायला आल्यासारखं अवघडून बसायचं? एखादा चिमटा काढायला हवा होता. म्हातारा काही रडला नसता. शांतारामबापूंवर त्यांच्या मुलीने, मधुरा जसराजांनी केलाय ना माहितीपट, तिथे हातचं राखलेलं चालतं. मुलगी बापाला काय चिमटा काढणार! पण बरोबरीच्या माणसाने काढायचा असतो."

"काकू, तुम्हाला एवढं ठाऊक, तुम्हीच काढा एक सिनेमा."

"हसतेस काय? पुढचं ऐक. 'पथेर पांचाली'तल्या अपूच्या कामासाठी मुलगा मिळेना. पेपरात जाहिरात दिली. पोरं आली रांगा लावून. एकाने तर मुलीचे केस कापून तिला मुलगा म्हणून आणलेलं. एकही पसंत पडेना. शेवटी रायांच्या बायकोने, बिजोयाबाईंनी, शेजारच्या घरी खेळताना एक पोर बघितलं. तोच अपू!"

"म्हणजे शेजाऱ्यांकडे डोकावायची सवय चांगली म्हणायची."

"मग! मी काय उगाच उभी असते का इथे? तुझ्या धाकट्याकडे माझं लक्ष आहे, सांगून ठेवते."

"त्याला निदान केस विंचरून पाठवते अंगणात."

"खबरदार विंचरलेस तर! आणि नाकसुद्धा पुसू नकोस."