चारी बुजल्यानंतर

निफाडच्या काळ्या रानात पाइपलाइन गाडायची ती उन्हाळ्यात. द्राक्षं उतरलेली असतात, उन्हाळ कांदा चाळीत गेलेला असतो आणि माणसांकडे सल्ला द्यायला भरपूर वेळ असतो. चारी खणायला जेसीबीचा एक ड्रायव्हर पुरतो. काठावर मात्र अर्धी वस्ती लागते. त्यात एक जण फक्त "अजून अर्धा फूट जाऊ द्या" एवढंच म्हणायला आलेला असतो. तो आल्याशिवाय काम सुरू करू नये, असं माझं मत आहे.

कारण खोलीचा वाद कधीच मिटत नाही. शेजाऱ्याच्या वावरातून पाइप न्यायचा, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 49 सांगतं की तो निदान अर्धा मीटर खाली हवा आणि शक्यतो जवळच्या वाटेनं जावा. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. कायदा लिहिणाऱ्यांनी बैलांचा नांगर पाहिला असणार. आता ट्रॅक्टरमागचा पलटी नांगर बघितला की शहाणा माणूस तीन फुटांच्या आत थांबत नाही.

बर्फाच्या मुलखात नळातलं पाणी गोठू नये म्हणून खोल पुरतात म्हणे. थंडी आम्हालाही आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो. पण त्या रात्री आम्ही द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, पाइपाची विचारपूस कोणी करत नाही. पाइपाचा घात करते ती माती. पावसात फुगते, चैत्रात हात जाईल एवढी भेगाळते आणि दोन्ही वेळा सांधे ओढते. म्हणून पाइपाखाली-वर दगडगोट्यांविना मऊ माती घालायची, आणि सांधे उघडे ठेवून आधी पाणी सोडून बघायचं. सोल्युशन वाळायच्या आत मोटार चालू करणारा उत्साही पाहुणा प्रत्येक घरात असतो.

खरी गंमत चारी बुजल्यावर. एक पाऊस झाला की रान पुन्हा सपाट, आणि नकाशा उरतो तो म्हाताऱ्यांच्या डोक्यात: "बाभळीपासून सरळ जुन्या विहिरीकडं." बाभूळ सरपणात गेली, विहीर बुजली, बांध वाटणीत सरकला. मग कुठंतरी ओल दिसते आणि तात्या पूर्वेला, आण्णा पश्चिमेला बोट दाखवतात. पाणी शोधायला पाणाडी मिळतो. स्वतःचा पाइप शोधायला कोणी मिळत नाही.

पेशव्यांचं बरं होतं. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी नेताना त्यांनी वाटेवर उच्छ्वास बांधले. ते हवेसाठी होते खरे, पण जमिनीखालची वाट कुठून गेली, हे आज त्यांच्यावरूनच कळतं.

तात्यांनीही तेच मनावर घेतलं. नव्या लाइनच्या वळणावर त्यांनी हातभर उंचीचा दगड रोवला. लांबून दिसावा म्हणून त्याला घरात होता तो केशरी ऑइलपेंट फासला. पुढच्याच शनिवारी त्यापुढं कोणीतरी नारळ फोडला. आता लाइन नेमकी तिथंच गळते आहे. जेसीबीवाला लांबूनच हात जोडतो आणि विचारतो, "तात्या, दुसरीकडून नाही का खणता येणार?"