फुकटचं सोडून विकतचं!

काय जमाना आलाय हो! ज्या पोट्ट्यांनी उभ्या जन्मात एक गेम पैसे देऊन घेतला नव्हता, ज्यांची दहावी-बारावी नागपूरहून आलेल्या, मार्करने नाव लिहिलेल्या सीड्यांवर पार पडली, ज्यांना ‘क्रॅक’ कुठल्या फोल्डरात टाकायचा हे पाढ्यांच्या आधी पाठ होतं, तीच पोट्टी आता यूपीआय उघडून, पिन टाकून, राजीखुशीने पैसे मोजताहेत. आणि हे कुठे? केळझरात! फुकट मिळत असताना! बरं, मोजताहेत कुणाला? सिअॅटलच्या नाहीतर अॅडलेडच्या कुण्या अनोळखी माणसाला, ज्याने घरात बसून एकट्यादुकट्याने ‘इंडी’ गेम, म्हणजे मोठ्या कंपनीशिवायचा, बनवला. ना सोयरा, ना धायरा. आपलं गाव म्हणजे एकचक्रानगरी, बकासुराला गाडाभर अन्न इथूनच जायचं, असं आपण पाहुण्यांना सांगतो. पण तो बिचारा निदान धमकी तरी द्यायचा. या इंडीवाल्यांनी कुणाला धमकावलं? तरी गाडे भरभरून चाललेच आहेत!

खरं तर हे खूळ गरजेपोटी शिरलं. मोठ्या कंपन्यांचे गेम शंभर-शंभर जीबीचे. उतरवायला घेतले की गावचं नेट मान टाकणार, आणि उतरलेच तर चालणार कशावर? घरातला पीसी काकाने फॉर्म भरायला म्हणून घेतलेला. त्यात ग्राफिक्स कार्ड नाही, पंखा सुरू झाला की शेजारी विचारतात, गिरणी टाकली का? मग कुणाला तरी शोध लागला की ‘स्टारड्यू व्हॅली’ला पाचशे एमबी जागा पुरते आणि ‘बलाट्रो’ला त्याहूनही कमी. झालं! नाइलाजाने धरलेली वाट, पण आता विचाराल तर छाती पुढे काढून सांगतात, ‘आम्ही इंडीच खेळतो.’ जसं काही मोठे गेम यांनीच नापास केले!

आता हे ‘स्टारड्यू’ काय प्रकरण आहे, ते ऐकून घ्या आणि मग कपाळाला हात लावा. एरिक बॅरोन नावाच्या एका माणसाने साडेचार वर्षं एकट्याने खपून हा गेम केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची, कोडही त्याचाच. वरखर्चाला सिअॅटलच्या एका थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम. २६ फेब्रुवारी २०१६ ला गेम बाहेर पडला आणि २०२४ सरेपर्यंत चार कोटींवर प्रती खपल्या. आणि एवढ्या लोकांनी विकत घेतलं काय? तर शेती! गेमचा नायक कंपनीतली नोकरी सोडतो आणि आजोबांच्या पडीक वावरात येऊन दगड वेचतो. अहो, आपल्याकडे वावर गहाण ठेवून पोराला हिंजवडीला धाडायची धडपड चाललेली असते, आणि पोरगं पैसे भरून उलट्या दिशेने निघालंय! घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ते हेच ना?

आमच्या आळीतल्या एका घरात तर रोजचा तमाशा आहे. बाप रातच्या लाइनीवर कपाशीला पाणी द्यायला निघालेला, पोरगा स्क्रीनसमोर. ‘पाणी देल्लं का बे?’ ‘देल्लं न बाबा, सगळ्याच वाफ्यायले.’ बाप समाधानाने पायातली चप्पल काढतो. पाणी कुठल्या वाफ्यांना दिलं, हे त्याला सकाळी वावरात गेल्यावर कळतं. एकदा पोरगा फोनवर मित्राला हिशेब सांगत होता : पार्सनिपचं बी वीसला, माल पस्तीसला, आणि पीक चार दिवसांत काढणीला. बापाचे कान टवकारले. ‘चार दिवसांत? कोनतं वाण हाय थे? मलेबी आनून दे दोन पाकिटं!’

पार्सनिप हा गाजराच्या तोंडवळ्याचा पांढरा कंद, आणि चार दिवसांत तो फक्त काँप्युटरातच उगवतो, हे समजावून सांगितल्यावर बापाने पोराला झोडपायला हवं होतं की नाही? झोडपलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला. आधी नुसतं बघायला. पण तिथे संध्याकाळी माल पेटीत टाकला की रात्रीतून मेयर येऊन स्वतः उचलून नेतो आणि सकाळी पैसे हातात. अडत नाही, हमाली नाही, ओलाव्याच्या नावाखाली कपात नाही. बाजार समितीच्या आवारात बैलबंडीवर रात्र काढलेल्या माणसाला हे दाखवलंत, तर तो हलणार आहे का तिथून? रानडुकरं नाहीत, बोंडअळी नाही, फक्त कावळे येतात आणि तेही एका बुजगावण्याला भितात. त्यावर कडी म्हणजे लग्न! शेती करणाऱ्या पोराला तिथे बारा स्थळं तयार. पत्रिका नाही, ‘नोकरी कुठाय’ हा प्रश्न नाही, फुलांचा गुच्छ नेला की सूत जुळलं. तालुक्यातली निम्मी लग्नाळू पोरं त्या खोऱ्यात वस्तीला गेली नाहीत हेच नवल!

शेतीचं एक वेळ समजू. पण पारावरचे पत्ते? ‘बलाट्रो’ नावाचा पोकरचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. बनवणारा कॅनडाचा, नाव लपवून ‘लोकलथंक’ या टोपणनावाने वावरणारा. दीडशे जोकर, प्रत्येकाची चाल वेगळी, आणि पैसा एकाही डावावर नाही. तरी युरोपात त्यावर आधी ‘अठरा वर्षांवरील’ असा शिक्का मारला आणि पुढे ओशाळून बारावर आणला! इकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. रमीची अॅपं गप्प झाली, आणि ज्यांचे अंगठे शिवशिवत होते ती मंडळी अलगद इकडे सरकली. पैसे हरायची सोय नाही म्हणून आधी नाकं मुरडली. आता पहाटे तीनला ‘एक शेवटचा डाव’ चालू असतो. जुगाराचं व्यसन सुटलं म्हणून घरात पेढे वाटावेत की झोप उडाली म्हणून गळा काढावा? बायकांना अजून ठरवता आलेलं नाही.

यापुढचा प्रकार मात्र शरमेने मान खाली घालावी असा. ‘हॉलो नाइट’ हा अॅडलेडच्या टीम चेरीचा गेम. हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी माणसं. त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ त्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला आणि मंडळी गप्प बसली. सहा वर्षं! लोक रोज विचारायचे, आला का? नाही. इतकं तर माणूस घरकुलाच्या यादीतल्या नावासाठीही थांबत नाही. शेवटी दोनच आठवडे आधी तारीख सांगितली : ४ सप्टेंबर २०२५. ती ऐकून जगभरच्या कितीतरी छोट्या गेमवाल्यांनी आपापल्या गेमच्या तारखा पुढे ढकलल्या. पण आपल्याला कोण विचारतो? भर गणेशोत्सव, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर, आणि गेमची वेळ आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसात. नेमकी आरतीची! टेकडीवर सिद्धिविनायकाला विदर्भभरातून माणसं लोटलेली, खाली मंडळात टाळ वाजताहेत, आणि टाळकरी? एका हाताने टाळ, दुसऱ्याने खिशातला मोबाइल : ‘घेतला का बे?’ ‘पेजच उघडत नाही!’ उघडणार कसं? स्टीमपासून निन्टेंडोपर्यंत सगळ्यांची गेमची ऑनलाइन दुकानं त्या गर्दीने आडवी झाली होती. बाप्पाने ते बघितलं असणार, पण विघ्नहर्त्यानेही या विघ्नात लक्ष घातलं नाही. प्रसादाला त्या दिवशी रांग नव्हती, एवढंच सांगतो.

आणि पुणं! वैदर्भीय माणसाने पुण्याचं कौतुक करायचं म्हणजे तर्रीत साखर घालण्यातला प्रकार. पण ‘राजी’ने तेही करायला लावलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा गेम. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेली रक्कम जमली नाही. मग संस्थापकांपैकी एकाने आपलं घर विकलं. पुण्यातलं घर! गेमसाठी! ऐकूनच आपल्या पोटात गोळा येतो. १५ ऑक्टोबर २०२० ला, घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, तो पीसीवर आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली राजी, पाठीशी दुर्गा आणि विष्णू, भिंतींवर पहाडी शैलीतली चित्रं, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या गोष्टी. जगातल्या मानाच्या पुरस्कारांत पदार्पणाच्या नामांकनात नाव लागलं. खरं सांगू? गेम आटोपशीर आहे, शेवट तर तोंडातला घास काढून घेतल्यासारखा होतो, आणि हाणामारीत राजी कधीकधी भलतीकडेच उडी घेते. पण हे आपण बोलायचं, आपल्या पोरीबद्दल बाहेरच्याने नाही! आपल्यातलेच दोघेतिघे या गेमवर परदेशी लोकांशी इंग्रजीत भांडले. शाळेत ज्यांच्या इंग्रजीच्या पेपरात लाल शाईच जास्त असायची, ते! शिवाय एकाने गेम आधीच ‘तसल्या’ वाटेने संपवला होता. घर विकल्याची गोष्ट ऐकून त्याने तो पुन्हा विकत घेतला. खेळला नाही. नुसता घेतला. म्हणे, प्रायश्चित्त!

हेच तर भयंकर आहे. आपली माणसं न खेळता घेऊ लागली आहेत! स्टीमवर घेतलेला गेम आवडला नाही तर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. बाजारात वांगं दाबून, वास घेऊन, भाव पाडून घेणारी आपली जात. पण इथे परत कोण करतं? ‘जाऊ दे, एकट्याने बनवलाय बिचाऱ्याने.’ हीच दया भाजीवाल्या म्हातारीवर कधी दाखवली? आणि गंमत बघा, दर शंभरातले साधारण तीस स्टीमच ठेवून घेतं. अडत नसलेल्या गेमचं गुणगान गाणाऱ्यांनी ही अडत मुकाट्याने सोसली! हे कळल्यावर आमचे काही अतिशहाणे इच.आयओ या दुसऱ्या दुकानात गेले. तिथे दुकानाला किती द्यायचं ते विकणाराच ठरवतो, आणि घेणाऱ्याला मागितलेल्या किमतीपेक्षा जास्तही देता येतात. जास्त! आणि लोक देतात! कापूस घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी कधी म्हणालं का, ‘भाऊ, भाव कमी सांगितला, हे शंभर वरचे ठेवा’?

सेलचं तर विचारूच नका. स्टीमचा उन्हाळी सेल रात्री साडेदहाला उघडतो. त्या रात्री गावात नऊलाच सामसूम. लोकांना वाटतं वाघ आला. बोरचं जंगल जवळ असल्याने कुणी शंकाही घेत नाही. सकाळी चहाच्या टपरीवर डोळे लाल झालेली मंडळी एकमेकांना विचारतात, ‘तू नाही ना घेतलं काही?’ ‘छे!’ आणि दोघांचीही यादी दहा गेमने वाढलेली.

टपरीवर या पोट्ट्यांना सगळ्यात जास्त शिव्या कोण देतं माहीत आहे? आपले एक निवृत्त मास्तर. ‘पिढी बरबाद झाली’ हे वाक्य तर त्यांनी पेटंटच घेतल्यासारखं. परवा नातवाने त्यांना मित्रयादीत घेतलं. आता स्टीमची खोड अशी, की कोण किती तास काय खेळलं ते नावापुढे छापून दाखवतं. मास्तरांच्या नावापुढे शेतीचे सातशे तास निघाले! गावात काय हशा पिकला म्हणता! मास्तर जराही वरमले नाहीत. म्हणाले, ‘माझे तरी दिसतात. तुम्ही सगळ्यांनी प्रोफाइल खासगी करून ठेवलंय, ते का?’

टपरीवर एकदम चहा थंड झाल्याची तक्रार सुरू झाली.