टाकून कुणाचं द्यायचं?

सर्व्हरची डिस्क रुसली की नांदेडात माझं वजन वाढतं. एरवी ज्याला कुणी बस म्हणत नाही, त्याच्यासाठी एसी लागतो, न मागता चहा येतो, आणि खुद्द संचालक ‘बघा ना सर’ म्हणतात. मीही काळ्या पडद्याकडे पाहून अशी मान हलवतो, की हे होणार हे मला पूर्वीच ठाऊक होतं. खरं तर मी तेव्हा नुसता वाचत असतो.

या खेपेला बोलावलं ते एका क्लासवाल्यांनी. त्यांच्या शाखा दोन, नांदेड आणि लातूर. दोन्हीकडे एकेक सर्व्हर आणि मध्ये डीआरबीडी. एकीकडच्या डिस्कवर उमटेल ते दुसरीकडेही उमटतं. लिहिण्याचा हक्क मात्र एका वेळी एकालाच. तो प्रायमरी, दुसरा सेकंडरी. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. लातूरला वाटलं नांदेड गेलं, म्हणून तिकडचा सर्व्हरही प्रायमरी झाला. इकडे नांदेड ठणठणीत. फायबर जुळली तेव्हा दोघांकडे नवा डेटा, दोघेही मालक, आणि लॉगमध्ये ओळ : ‘स्प्लिट-ब्रेन डिटेक्टेड’. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद.

लातूरला जन्मून नांदेडचा जावई झालेल्या माणसाला यात नवल कसलं? विभागीय आयुक्तालय कुणाकडे, या प्रश्नावर २००९ पासून दोन्ही शहरं प्रायमरीच आहेत. वास्तविक सूत्रं कशी सोपवावीत हे आम्हाला उत्तम येतं. १९८६ साली शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्रिपदावरून उतरले आणि शंकरराव चव्हाण आले. २००८च्या डिसेंबरात विलासराव देशमुख उतरले आणि अशोक चव्हाण आले. दोन्ही वेळा लातूर पडलं, नांदेड उभं राहिलं, सेवा अखंड. हा शोध मी सासऱ्यांना ऐकवला, तर त्यांनी आग्रहानं माझ्या पानात दुसरी पोळी वाढायला लावली. वडिलांना ऐकवला, तर ते म्हणाले, ‘‘म्हंजे दर वेळी आपणच पडायचं का रे?’’ तेव्हापासून मी तो फक्त नांदेडात सांगतो.

असो. डीआरबीडीत यावर औषध आहे, पण कडू. एका बाजूनं खाली बसून कबूल करायचं की माझा डेटा टाकून द्या, समोरच्याचा घेतो. नांदेडच्या डिस्कवर फीच्या पावत्या होत्या, लातूरच्या डिस्कवर प्रवेशाचे अर्ज. संचालकांना विचार करायला फार वेळ लागला नाही.

‘‘लातूरचं टाका.’’

मी बोटं मोडून की-बोर्डवर ठेवली. फोनवर लातूरच्या ऑपरेटर ताई होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘सर, ते अर्ज रात्री बसून भरलेत. पोरांचे आईबाप गावाकडून येऊन रांगेत थांबले होते. आधी आमच्या डिस्कची एक प्रत काढून ठेवता येत नाही का?’’

मी तेच सांगणार होतो, हे मी लगेच सांगितलं. ताई ‘हो सर’ म्हणाल्या. त्या ‘हो सर’मध्ये मला बराच वेळ बसावं लागलं. पडद्यावर ‘टाकून द्या’ म्हणणं फार सोपं असतं. त्यात कुणाची रात्र आहे हे कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. प्रत काढली, मग लातूर सेकंडरी झालं, आणि अर्ज ताईंनी आणि मी मिळून एकेक करून परत चढवले.

पुन्हा असं होऊ नये म्हणून तिसरा नोड लागतो. त्याला डिस्क नसते, डेटा नसतो, फक्त मत असतं. तुटातूट झाली की तो ज्याला दिसेल त्यानं लिहायचं, दुसऱ्यानं गप्प बसायचं. मी म्हटलं, वाटेत लोह्याला ठेवू. लातूर म्हणालं, ते नांदेड जिल्ह्यात. मग अहमदपूर? नांदेड म्हणालं, ते लातूर जिल्ह्यात. अखेर तो नोड पुण्याच्या एका डेटा सेंटरात गेला. मराठवाड्याचं निर्णायक मत तिकडे असतं याची दोन्ही शाखांना सवय होती. कुणीच हरकत घेतली नाही.