ढिगाऱ्यातलं घड्याळ

आमच्या लातूर-नांदेडकडं कादंबरी लिहायला बसलं की 'मी' हटकून किल्लारीजवळच्या गावातला निघतो. वय वर्षे सात. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून दमलेलं पोर माळवदाखाली गाढ झोपलंय. तरी भूकंप ३ वाजून ५६ मिनिटांनीच झाला, हे त्याला ढिगाऱ्यात पडल्या पडल्या कळतं! तोंडात माती, पण पलीकडच्या उमरग्यातली पडझडही हाच सांगतो. वर दगडमातीच्या जाड भिंती का ढासळल्या, याची अभियंत्याला लाजवील अशी मीमांसा. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येणार, एवढंच सांगायचं राहतं.

अहो, भोगणारा 'मी' सात वर्षांचा आणि सांगणारा चाळिशीचा, अशी दोन माणसं असतात ही. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' कादंबरीतल्या यमूला हे एकोणिसाव्या शतकात जमलं: मोठेपणी ती लहानपण आठवून लिहिते. आमचा हिरो वर्तमानकाळाच्या हट्टापायी दोघांना एकाच गोधडीत कोंबतो. 'वेळ मला नंतर मोठ्यांकडून कळली' असं सरळ लिहिणारा साधा लेखक यापेक्षा शंभर पटीनं बरा.