चौकातले देव आणि कमानीवरचे भाऊ

चौदा नंबरच्या काकू दुपारी गॅलरीत अळूची पानं पसरून बसल्या की समजावं, काल रात्रीची बातमी अजून कोणाला तरी सांगायची राहिली आहे. आमची चाळ गिरगावातली. केशवजी नाईकांची चाळ इथून चार गल्ल्या पलीकडे, 1893 पासून तिथे सार्वजनिक गणपती बसतो. आमचा बराच उशिराचा, पण भांडणं त्याच तोलाची.

"कळलं का मास्तर?" पानावर बेसन थापता थापता काकूंनी सुरुवात केली. "यंदा कमानीवर भाऊंचा फोटो. बाप्पापेक्षा हातभर मोठा."

"मांडवाचा खर्च भाऊच देतायत," नऊ नंबरचे नाना कठड्याला टेकून म्हणाले.

"खर्च दिला म्हणून देवाच्या मांडीला मांडी लावून बसायचं?"

मी रात्रशाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. शाळा सुटली, खोड राहिली. म्हटलं, "काकू, हे असंच रोममध्ये झालंय. दोन हजार वर्षांपूर्वी."

"निघाली गाडी," नाना म्हणाले. पण हलले नाहीत.

"रोम म्हणजे ते महालवाले?"

"महाल मूठभरांचे. बाकी अख्खा गाव चाळीत. पाच-पाच मजले, खाली दुकानं, वर भाडेकरू. पाणी वर चढत नसे, हंडे वाहायचे. जितका वरचा मजला तितकं भाडं कमी."

"आता टॉवरात उलटं."

"भिंतींना टेकू लावलेले. माडीवर माडी चढवायचं थांबेना, तेव्हा ऑगस्टस बादशहाने कायदा केला, सत्तर फुटांवर बांधायचं नाही. सिसेरो म्हणून मोठा वकील होता, त्याचे भाड्याने दिलेले गाळे होते. दोन कोसळले, बाकीच्यांना तडे गेले. त्याने मित्राला कळवलं, भाडेकरू तर गेलेच, उंदरांनीही जागा सोडली."

"आपले उंदीर बरे," काकू म्हणाल्या. "नोटीस लागून अकरा वर्षं झाली, एकानं हलायचं नाव काढलं नाही."

"आणि क्रॅसस ऐका. कुठे आग लागली की हा हजर. जळतं घर आणि शेजारची घाबरलेली घरं मातीमोलाने विकत घ्यायचा. पदरी पाचशेच्या वर गुलाम, सगळे बांधकामातले."

"भाडेकरूंना ट्रान्झिट कॅम्प?"

"नाही."

"मग आपलाच बिल्डर बरा म्हणायचा. निदान कागदावर तरी देतो."

नानांनी हळूच विचारलं, "संप होते का हो तिकडे?" नाना मूळ लालबागचे, गिरणीतले. 18 जानेवारी 1982 ला बाहेर पडले ते पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत.

"होते तर. त्यांच्या बखरींप्रमाणे इसवी सनापूर्वी 494 साली मोठा झाला. सगळा कारभार सरदार घराण्यांकडे. सामान्य माणूस कर्जात बुडालेला, आणि लढाईला मात्र त्यानंच जायचं. एक दिवस सगळे उठले आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. दगडफेक नाही, काही नाही. नुसते बसले."

"मग?"

"गाव ओस पडलं. सरदारांनी एक गोडबोल्या माणूस पाठवला. त्यानं गोष्ट सांगितली, हातापायांनी पोटावर रुसून काम सोडलं आणि शेवटी स्वतःच वाळले. पण लोक नुसत्या गोष्टीवर उठले नाहीत. आपले प्रतिनिधी मिळवले, त्यांना ट्रिब्यून म्हणत. अंगाला हात लावायचा नाही, आणि गरिबाच्या मुळावर येणारा हुकूम त्याला जागच्या जागी थांबवता यायचा. त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायची रीत होती."

नाना थोडा वेळ खालच्या चौकाकडे बघत राहिले. "आम्ही अडीच लाख होतो," ते म्हणाले. "निम्मे गावी गेले. आम्हाला गोष्ट सांगायलासुद्धा कोणी आलं नाही."

काकूंनी पानाची गुंडाळी केली, दोऱ्याने बांधली आणि विषय बदलला. त्यांना ते जमतं. "पण त्या रोमवाल्यांचा नि आपला संबंध काय?"

"अहो, तिकडचा माल घेऊन गलबतं आपल्याकडे यायची. पहिल्या शतकातल्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याने बंदरांची यादीच लिहिलीय. त्यात सोपारा आहे, चौल आहे, कल्याण आहे. कल्याण आधी राजमान्य बंदर होतं, मग राजवट बदलली. तेव्हापासून चुकून कोणाचं गलबत कल्याणला आलं, तर पहाऱ्यात भडोचला नेत."

"म्हणजे आपला धंदा गुजरातला..." नानांचे डोळे चमकले.

"तो विषय आत्ता नको," मी म्हटलं. तो सुरू झाला की अळुवड्या रात्री नऊला मिळतात. "मूळ गोष्ट चौकातल्या देवांची. रोमी माणसाच्या घरात आपल्यासारखंच देवघर. त्यात लारेस नावाचे घरराखे देव, दोन तरुण पोरं, नाचाच्या पवित्र्यात. तसेच दोघे गल्ल्या मिळतात तिथे, चौकातल्या देवळीत. थंडीत त्यांचा उत्सव. तारीख दर वर्षी अधिकारी जाहीर करी."

"कालनिर्णय नव्हतं वाटतं."

"घरटी मधाची पोळी द्यायची. आदल्या रात्री देवळीला लोकरीच्या बाहुल्या टांगायच्या, घरातल्या प्रत्येक माणसाची एक. गुलामाचा मात्र नुसता लोकरीचा गोळा."

"बाहुलीसुद्धा नाही? मेल्यांनो!"

"पण त्या दिवशी देवाची सेवा गुलामांनीच करायची. देवाला तीच आवडते म्हणत."

"आवडणारच. बाकीचे नुसते पाया पडून फोटो काढतात."

"पुढे या चौकांभोवती मंडळं झाली. मंडळाची पोरं रस्त्यावर उतरायला लागली. सेनेट म्हणजे थोरामोठ्यांची सभा, तिने इसवी सनापूर्वी 64 मध्ये मंडळांवर बंदी घातली. सहाच वर्षांत क्लोडिअस ट्रिब्यून झाला आणि त्याने बंदी उठवली. त्याला पोरं हवी होती."

"इलेक्शनला," नाना म्हणाले.

"राडा करायलाही. मग आला ऑगस्टस. हुशार माणूस. तो नुसत्या बंदीवर थांबला नाही. इसवी सनापूर्वी 7 मध्ये शहराचे चौदा वॉर्ड पाडले, गल्लोगल्ली चार-चार कारभारी नेमायची पद्धत घातली. बहुतेक गुलामगिरीतून सुटलेली माणसं. एरवी त्यांना कोण विचारतो? पण उत्सवाच्या दिवशी त्यांनी जांभळ्या काठाचा झगा घालायचा, अधिकाऱ्यासारखा, आणि पुढे दोन चोपदार."

"बिल्ल्यावर बिल्ला," काकू म्हणाल्या.

"नववर्षाला लोक ऑगस्टसला जो नजराणा देत, त्यातून तो गल्ल्यांना मूर्ती वाटायचा. चपलावाल्यांच्या गल्लीतला अपोलो त्यातलाच, गल्लीच्या नावानं ओळखला जायचा."

"अपोलो म्हणजे पालवा बंदर ना?"

"तो निराळा."

"आमचा लालबागचा राजा तसाच," नाना म्हणाले. "1934 चा. कोळी आणि बाजारातल्या लोकांनी नवस केला होता, बाजाराला कायमची जागा मिळू दे. मिळाली, म्हणून बसवला. पण तो आमचा आम्ही बसवला. कोणी वाटलेला नाही."

"बरोबर. आणि ऑगस्टसने चौकातल्या देवळीत दोन लारेसच्या मध्ये कोणाला बसवलं माहितीय? स्वतःच्या जीनिअसला. म्हणजे माणसाबरोबर जन्माला येणारं त्याचं दैवत."

काकूंचा हात थांबला. "मधोमध?"

"मधोमध. झगा नेसून. पोरं बिचारी दोन बाजूंना नाचतायत."

"आणि कोणी ब्र काढला नाही?"

"काढायचा कोणी? कारभाऱ्यांनी? त्यांना काठाचा झगा मिळाला होता."

जिन्यावर पावलं वाजली. मंडळाचा सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन वर आला. तीन नंबरमधला मुलगा, चांगला आहे, कोणाच्याही घरी रात्री-अपरात्री धावून जातो. अंगात कोरं करकरीत जाकीट, खिशावर भरतकाम.

"काकू, वर्गणी."

काकूंनी बेसनाचा हात पदराला लागणार नाही असा वर धरला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "काठ छान आहे रे जाकिटाला. कोणी दिलं?"

"भाऊंनी. सगळ्या कार्यकर्त्यांना दिलीयत."

नानांनी तोंड फिरवलं, खोकल्यासारखं काहीतरी केलं.

"जांभळा नाही मिळाला?" काकू म्हणाल्या. "बरं, फाड पावती. पाचशेची. आणि थांब जरा, वड्या उकडून होतायत, दोन खाऊन जा."