परत नेणार ना?

आमची चेतक १९८६ची. आरसी बुकावर अजून बाबांचंच नाव आहे, आणि ते तसंच राहणार हे त्यांनी कुणी विचारलेलं नसताना सांगून ठेवलं आहे. त्यामुळे स्कूटर नेपाळला न्यायचं ठरलं तेव्हा पहिली हद्द ओलांडावी लागली ती आमच्याच बाहेरच्या खोलीत. गाडी दुसऱ्याच्या नावावर असली की मालकाचं संमतीपत्र जवळ ठेवावं लागतं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीन ओळींत भागलं असतं, पण त्यांनी फुलस्केपची दोन्ही पानं भरली. ‘सदर वाहन विकणे, गहाण टाकणे, भाड्याने देणे अथवा मेहुण्यास चालवावयास देणे यास सक्त मनाई आहे. चढावर दुसरा गिअर टाकावा. टू-टी ऑइल मोजून घालावे, अंदाजे नव्हे.’ खाली सही, दिनांक, आणि माझ्या नावाआधी ‘चि.’. वयाच्या पन्नाशीत परराष्ट्राच्या कस्टमपुढे मी ‘चि.’ म्हणून उभा राहणार होतो.

बाबांचंही चूक नाही. त्या काळी परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळायची. आमचं दुबईत कुणी नव्हतं, म्हणून बाबांनी नंबर लावला आणि कित्येक वर्षं वाट पाहिली. डॉलरवाल्यांचा राग त्यांच्या मनात अजून आहे. त्यामुळे स्कूटरची परकीयांशी गाठ पडणार म्हटल्यावर त्यांनी कलमं घालणं साहजिकच होतं.

आम्ही तिघं. माझी चेतक, डॉक्टरांची येझदी आणि आमच्या बँकवाल्यांची बुलेट. पुण्यापासून गोरखपूरपर्यंत गाड्या रेल्वेनं पाठवल्या. पार्सल करताना टाकीतलं पेट्रोल थेंब न थेंब काढून गाडी गोणपाटात गुंडाळावी लागते. ते प्रकरण स्वतंत्र लेखाचं आहे, म्हणून सोडतो. गोरखपूरहून सुनौलीपर्यंत मात्र ऐटीत गेलो.

आता कस्टमचं मूळ दुखणं समजून घ्यायला हवं. नेपाळमध्ये बाहेरून आलेल्या मोटारीवर इतका कर बसतो की मूळ किमतीपेक्षा करच दुपटीनं भरतो. त्यामुळे आपण ‘फिरायला आलोय हो’ म्हणत गाडी आत नेली आणि तिकडेच कुणाच्या तरी अंगणात लावून एसटीनं परत आलो, तर सरकारचं नुकसान. म्हणून जगभरच्या कस्टमला गाडीबद्दल एकच प्रश्न पडतो: परत नेणार ना? गंमत अशी की छंदिष्ट माणसाच्या घरच्यांनाही नेमका हाच प्रश्न पडलेला असतो, फक्त त्यांची आशा उलट्या दिशेनं असते. निघताना माझ्या बायकोनं विचारलं होतं, “समजा, नाहीच आणली परत, तर काय होतं?”

“दंड होतो.”

“किती?” तिनं शांतपणे विचारलं. पैसे साठवायचा तिचा विचार दिसत होता.

नेपाळला भारतीय गाडीसाठी भन्सार म्हणजे कस्टम कार्यालयात रोजच्या हिशेबानं पैसे भरून चिठ्ठी घेतली की काम होतं. डॉक्टरांची स्वप्नं मात्र मोठी. त्यांना येझदीवरून लंडनला जायचंय, आणि त्या वाटेवर लागतं कार्ने. हे कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट. आपल्याकडे ते मुंबईत चर्चगेटजवळची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना एक तुकडा कस्टमवाला फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटून तो आपल्याकडे राहतो. गाडी परत आली नाही तर कर कुणी भरायचा, म्हणून आधीच गाडीच्या किमतीच्या प्रमाणात अनामत किंवा बँक गॅरंटी ठेवायची.

इथे छंदिष्टाची परीक्षा होते. ज्या येझदीबद्दल डॉक्टर गेली कित्येक वर्षं ‘कुणी सोन्यानं मढवलं तरी देणार नाही’ म्हणत होते, तिची किंमत लिहायची वेळ येताच ते म्हणाले, “तसं बघितलं तर भंगारच की हो.” मैसूरचा तो कारखाना बंद पडून किती वर्षं झाली, सुटे भाग कसे मिळत नाहीत, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असल्यामुळे नव्या पोराला ती चालवताच येत नाही, हे सगळं त्यांनी प्रथमच दोष म्हणून सांगितलं. बँकवाले खूश झाले. आयुष्यभर कर्जदारांनी फुगवलेल्या किमती पाहिल्यावर स्वतःहून पाडलेली किंमत त्यांना सुखद वाटली असावी.

या तात्पुरत्या आयातीसाठी १९५४ साली न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गाडीच्या मृत्यूचीही तरतूद आहे. परदेशात अपघातात गाडीचा चेंदामेंदा झाला, तरी ती तिथेच टाकून निघता येत नाही. ती त्या सरकारच्या हवाली करायची, नाहीतर त्यांच्या माणसांसमोर नष्ट करायची. आणि बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला, तर मायदेशी आल्यावर गाडी इथेच आहे असं अधिकाऱ्याकडून लिहून आणायचं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला असतो, तसा स्कूटरचा. ही तरतूद ऐकून बाबांचं कस्टम खात्याबद्दलचं मत एकदम सुधारलं.

असो. सुनौलीची कमान ओलांडली की बेलहिया. तिथे घड्याळ पाव तास पुढे गेलं. बँकवाल्यांनी शंभराच्या नोटांची जाडजूड गड्डी आणली होती, कारण २०१८च्या डिसेंबरात नेपाळनं भारताच्या मोठ्या नोटांना बंदी घातली होती. फॉर्म भरताना ‘किती दिवस’ या रकान्यावर आमचं अडलं. आर्थिक वर्षात ३० दिवसांची मर्यादा, आणि दर दिवसाचे पैसे. मी आणि बँकवाले सहलीचे दिवस मोजत होतो. डॉक्टर त्यात येझदीच्या मूडचे दिवस मिळवत होते. पोखऱ्याच्या घाटात एक, मेकॅनिक शोधायला एक, मेकॅनिकनं जे बिघडवलं ते दुरुस्त करायला एक. बिघाडाचे पैसे आगाऊ भरणारा हा पहिलाच प्रवासी असेल.

टेबलामागचे साहेब शांत होते. त्यांनी माझी डिकी उघडायला लावली. क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, प्लग, पॉइंट, कार्बोरेटरची किट, ट्यूब, आणि खाली अजून एक क्लच वायर.

“विकायला?” त्यांनी हिंदीत विचारलं.

“नाही, लागतं वाटेत.”

“एवढं?”

खरं उत्तर द्यावं तर स्कूटरची अब्रू जाते, खोटं द्यावं तर व्यापारी ठरतो. मी अब्रू दिली. मग चासी नंबर पडताळायचा निघाला. बाजूचं झाकण काढलं, तर नंबराच्या जागी आमच्या चिंचवडच्या पेंटरनं मारलेला तीन हाती निळा रंग. साहेबांनी खिशातून नाणं काढलं आणि खरवडायला घेतलं. त्या रंगाची छटा मिळवायला मी दुकानोदुकानी हिंडलो होतो. डॉक्टरांनी माझा खांदा धरला. पेशंटच्या नातेवाइकांना धरायची त्यांना सवय आहे.

नंबर जुळला. मग बाबांचं पत्र. ते देवनागरीत असल्यामुळे साहेबांनी भाषांतराची वाट न बघता स्वतःच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘मेहुण्यास’पाशी थांबून त्यांनी बँकवाल्यांकडे पाहिलं. ते माझे मेहुणे आहेत हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. चिठ्ठी मिळाली. त्यावर विक्रम संवत २०८० छापलेलं. आरसीवर १९८६, चिठ्ठीवर २०८०. बँकवाल्यांनी तिथल्या तिथे वजाबाकी करून स्कूटर ९४ वर्षांची झाल्याचं जाहीर केलं.

पुढचं पोखरा, सरोवर, डोंगर वगैरे आपण इतरत्र वाचलंच असेल. सांगण्यासारखं एवढंच की येझदी सगळीकडे एका किकमध्ये सुरू झाली आणि डॉक्टरांना भरलेल्या जादा दिवसांचं फार वाईट वाटलं.

परतताना टेबलामागे तेच साहेब. चिठ्ठी घेतली, नंबर पुन्हा पाहिला, निळ्या रंगावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. म्हणाले, “आमच्या वडिलांकडेही बजाज होती.” मग आजूबाजूला बघून हळूच, “केवढ्याला देणार?”

मी बधिर. जाताना ज्या माणसानं ‘विकणार नाही ना’ म्हणून छळलं, तोच विचारतोय. ही परीक्षा असेल? बँकवाल्यांनी पायावर पाय दिला. मी म्हटलं, “मालक मी नाही. पत्र वाचलंत ना.”

“हो. मग मालकांचा नंबर द्या.”

दिला. आम्ही गोरखपूरला पोचायच्या आत त्यांचा बाबांना फोन गेला होता. बाबांनी विकायला सपशेल नकार दिला, पण किंमत मात्र सांगितली, आणि वर बजावलं, “भन्सार वेगळा. तो तुमचा तुम्ही भरायचा.”