आठशे ग्रॅमची दुलई

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पार्सल पोचलं. गोधडी, भाजणी, मेतकूट, हिंगाची डबी आणि गोधडीच्या घडीत लपवलेल्या आल्याच्या वड्या, सगळं आलं. वड्या तेवढ्या चपट्या झाल्यात. कुरियरच्या पावतीवरचा आकडा बघून मंदार म्हणाला, "एवढ्यात गोधडी खिडकीजवळच्या सीटवर बसून आली असती." आई, तू हसू नकोस, तुलाच टोमणा आहे.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस म्हणून लिहायला बसलेय. "उघड्यावर झोपणार" एवढं ऐकलंस आणि पुढे अस्वल, न्यूमोनिया, ईराची परीक्षा आणि मंदारच्या आईला काय वाटेल, असा तुझा मोर्चा निघाला. देशपांड्यांच्या सासूबाई गुरुवारी पुण्याला निघताहेत, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. त्यांच्याकडून लिमयांच्या लिफ्टची गोष्ट कळलीच. बाबा, लिमये अडकले तेव्हा तुम्ही खरंच बाहेरून त्यांना थकबाकीची आठवण करून दिलीत का?

अस्वलाचं आधी सांगते. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे दांडगं अस्वल आहे, त्या जातीचं एकही इथे उरलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच लोकांनी संपवलं. उरलंय ते काळं अस्वल. त्याला माणसात रस नाही, माणसाच्या डब्यात आहे. म्हणजे अगदी आपल्या सुधामामासारखं.

आम्ही जाणार योसेमिटीत, लायल कॅन्यनला. चालायला सुरुवात होते तीच ८,६०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दीडपट उंचीच्याही वर. दिवसा टोपी लागते आणि ऑगस्टातसुद्धा पहाटे पारा शून्याकडे झुकतो. पाठीवर तंबू, चूल, जेवण आणि अंथरूण-पांघरूण सगळं घेऊन जायचं. तुझी गोधडी वजनकाट्यावर ठेवली, अडीच किलो भरली. म्हणून स्लीपिंग बॅगा घ्यायला गेलो.

(कुकर झाला. थांबते.)

हां. तर ही बॅग म्हणजे पायाकडे निमुळती होत गेलेली खोळ. आत बदकाच्या नाहीतर गूसच्या पोटाकडची लव भरलेली असते, तिला इथे डाउन म्हणतात. पिसाला मधे काडी असते, हिला नसते, त्यामुळे ती चहूबाजूंनी फुलते आणि पोटात हवा धरून ठेवते. ऊब त्या हवेची. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम डाउन किती घनइंच जागा व्यापतं त्यावर त्याची प्रत ठरते. ६०० साधं, ८०० उत्तम, ९००च्या पुढे गेलं की दुकानदार आवाज खाली आणून बोलतो. मंदारने याचा एक्सेल तक्ता केला. त्यात रंगसुद्धा भरले. घर घेताना एवढा अभ्यास केला असता तर बाथरूम दोन मिळाली असती.

आई, आता तुझ्या कामाचं. या बॅगांवर थंडीचे आकडे असतात. एका थंड खोलीत तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि त्यावरून हिशेब करतात. पूर्वी युरोपचं प्रमाण होतं, आता ते जगाचं झालंय. त्यात पहिला आकडा एका ठरावीक बाईला आरामात झोप लागेल तो, दुसरा एका ठरावीक पुरुषाला कशीबशी लागेल तो आणि तिसरा म्हणजे झोप सोडा, जीव तेवढा वाचेल. बाईच्या आणि पुरुषाच्या आकड्यांत पाच-सहा अंशांचा फरक असतो, आणि बॅगेवर ठळक छापतात तो पुष्कळदा पुरुषाचा. म्हणजे वजा सात लिहिलेली बॅग मला वजा एकलाच हात टेकते. बाबा, पंखा पाचवर ठेवून "मनाचे खेळ आहेत" असं तुम्ही आजवर म्हणत आलात ना? आंतरराष्ट्रीय समितीचा निकाल आईच्या बाजूने लागलाय. पंखा दोनवर आणा.

दुकानातली मुलगी म्हणाली, झोपून बघा. म्हणून आम्ही तिघं भर दुकानात जमिनीवर आडवे. मंदारने चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि ती कापडात अडकली. आत त्याचे हात, बाहेर फक्त नाक. कापड इतकं तलम की ओढायची भीती. तिने त्याला सोडवेपर्यंत ईराने व्हिडिओ काढून सगळ्या काकालोकांना पाठवलासुद्धा. तुम्ही "जावईबापूंना ममी केलं" अशी टीप लिहून तो पुढे पाठवलात हे वहिनीकडून कळलं. मंदारला मी अजून सांगितलेलं नाही.

आता किंमत. आई, बस खाली.

८५० प्रतीची, वजा सातपर्यंतची, आठशे ग्रॅमची एक बॅग: सहाशे डॉलर. पन्नास हजारांच्या वर, माणशी. त्यात उशी नाही. मी मुलीला विचारलं, सेल कधी असतो? ती म्हणाली, हाच सेल आहे. बाबांची पहिली चेतक याहून स्वस्त होती आणि तिच्यावर आपण चौघं बसायचो. यात एक माणूस मावतो, तोही अंग चोरून.

साध्या प्रतीची तीनशेच्या आसपास मिळते. तितकीच उबदार, फक्त साडेतीनशे ग्रॅम जड. म्हणजे ग्रॅम कमी करायचा भाव सत्तरेक रुपये पडतो. चांदी सध्या कशी चाललीय ते कळवा. मी मंदारला म्हटलं, साडेतीनशे ग्रॅमच कमी करायचे तर संध्याकाळची शेव बंद कर, फुकटात होतील. तो म्हणाला, तुझा मुद्दा तक्त्यात बसत नाही.

भाड्याने का नाही, हे बाबा विचारणारच. मिळते. पण परक्याच्या घामात मी झोपले हे आईला कळलं असतं तर दुसरं पार्सल आलं असतं, गोमूत्राचं. मग सिंथेटिक का नाही? स्वस्त असते, भिजली तरी थोडीफार ऊब धरते. पण जड, आणि दाबली तरी सॅकमधली निम्मी जागा खाते. डाउन भिजलं की फूल मोडतं आणि ऊब गेली. हल्ली त्याला पाणी न धरणारा लेप देतात, तो थोडा वेळ मिळवून देतो इतकंच. इथल्या डोंगरात उन्हाळा कोरडा, जो काय ओलावा तो हिवाळ्यात बर्फ होऊन पडतो, म्हणून डाउन चालतं. जुलैत राजगडावर नेली असती तर पहिल्या रात्रीतच सहाशे डॉलरचा लगदा.

ईराने बदकांची बाजू घेतली. लेबल मोठ्याने वाचून दाखवलं: जिवंत पक्ष्याची पिसं उपटलेली नाहीत, कोंबून खायला घातलेलं नाही. तसा दाखला असलेलीच घ्यायची यावर ती अडून बसली, आणि ते बरोबरच आहे. आई, पक्षी खाण्यासाठीच पाळलेले असतात, डाउन त्यातून निघतं. तुला हे आवडणार नाही. बॅग देवघरापासून दोन खोल्या लांब ठेवलीय.

शेवटी माझ्यासाठी भारीतली घेतली, कारण गार मला वाजतं. मंदारला मधली. ईराला मुलांची आखूड. लांब घेतली तर पायाकडे रिकामी हवा राहते आणि ती तापवण्यातच रात्र जाते. आणि हो, बॅग स्वतः ऊब तयार करत नाही, आपली राखते फक्त. म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी स्निग्ध खाऊन घ्या, असं त्या मुलीने सांगितलं. तूपभात! हे ऐकायला मी सहाशे डॉलर मोजले. तू ओट्यापाशी उभी राहून फुकट ओरडायचीस.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. एव्हरेस्टवर डाउनचा कोट पहिल्यांदा कोणी नेला माहीत आहे? १९२२च्या मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. बाकीचे लोकरीत आणि ट्वीडमध्ये, आणि यांनी बलूनच्या कापडात आयडर बदकाचं डाउन भरून कोट शिवून घेतलेला. साहेबलोक हसले. वर थंडी पडल्यावर हसू थांबलं. ऑक्सिजन लावून ते आणि जेफ्री ब्रूस २७,३०० फुटांपर्यंत गेले, तोवर कोणी इतक्या उंच गेलं नव्हतं. आणि हेच फिंच पुढे १९५२ ते १९५७ आपल्या पाषाणला एनसीएलचे संचालक होते! तुमच्याच एनसीएलचे! मी वाचलं आणि खुर्चीतून उठलेच. तुम्ही लागलात त्याच्या आधीचं हे, पण जुन्या लोकांच्या तोंडून काही ऐकलं असेल तर लिहा. सविस्तर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवू नका.

(ड्रायर थांबला. कपडे घड्या करून आले.)

इतका खर्च करून ग्रॅम वाचवले आणि मग इथला नियम आडवा आला. आधी परवाना. दिवसाला ठरावीक माणसांनाच आत सोडतात. साठ टक्के परवाने चोवीस आठवडे आधी सोडतीने, उरलेले सात दिवस आधी सकाळी सातला उघडतात. बाबा, कोकण रेल्वेचं तत्काळ तुम्ही एका हाताने काढायचात, तुम्ही हवे होतात. मंदारने तीन मशीन लावली. सात वाजून काही सेकंदांनी मिळाला, तेव्हा घरात मॅच जिंकल्यासारखा आरडाओरडा.

परवान्याबरोबर डबा. अस्वलाला उघडता येणार नाही असा जाड प्लॅस्टिकचा पिंप बाळगणं सक्तीचं. रिकामा सव्वा किलो! माझ्या बॅगेत वाचलेले साडेतीनशे ग्रॅम त्याने एका घासात गिळले. ज्याला वास येतो ते सगळं त्यात: जेवण, टूथपेस्ट, साबण, ओठांचं मलमसुद्धा. रात्री तो तंबूपासून लांब ठेवायचा. आई, तुझ्या हिंगाला हा नियम कसा लावायचा? डबी अजून दोन पिशव्या आणि एका बरणीच्या आत आहे, तरी शेजारची बाई परवा विचारत होती गॅस लीक आहे का. मेतकूट नेणार आहे, हिंग घरीच राहील.

त्याहून पुढचा नियम मावशीला वाचून दाखवू नका. पाण्यापासून शंभर फूट लांब, सहा इंच खोल खड्डा, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणायचा. परत! घरी! मंदार आठवडाभर गप्प होता. मी म्हटलं, आपण तांब्याच्या संस्कृतीतली माणसं, कागदाचा प्रश्नच येत नाही. आता सामानाच्या यादीत एक हलकी बाटली वेगळी लिहिलीय, तिच्यावर ईराने लाल पट्टी चिकटवलीय.

काल हॉलमध्ये रंगीत तालीम केली. बॅगा पसरल्या, पाठीखाली हवेच्या गाद्या. अंगाखाली दाबलेलं डाउन काही कामाचं नसतं, म्हणून जमिनीच्या थंडीला गादीच अडवते. दिवे घालवले. ऊब झकास होती, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येकजण आपापल्या खोळीत बंद. डाव्या आणि उजव्या चेनच्या दोन बॅगा जोडता येतात, दुकानातल्या मुलीने मिश्किलपणे सुचवलंही होतं, पण आमच्या दोन्ही डाव्याच निघाल्या. ईरा म्हणाली, "आई, तुझा पाय कुठाय?" मी म्हटलं, बॅगेत. ती म्हणाली, "मग मी कशावर ठेवू?"

मला एकदम पद्मावतीचं देऊळ आठवलं. राजगडावर एका चादरीत आम्ही चौघी, टोकाला कोण यावर भांडण, आणि पहाटे कोणाचा हात कोणाचा ते कळत नसायचं. आणि आजोळची माडी. हीच गोधडी, तिच्यात आजीची ती जांभळी नऊवारी, दोन्हीकडून ओढाओढी, आणि मधे बंडूदादा, घोरत. काल रात्री साडेअकराला मी खोळीतून बाहेर आले, गोधडी काढली आणि तिघांवर आडवी टाकली. बॅगांच्या वरून. मंदार म्हणाला, वजनाने डाउन दबतं, ऊब कमी होते. तक्त्यात आहे. मी म्हटलं, असू दे. त्याने पण कोपरा ओढून घेतलाच.

म्हणजे गोधडी येणार नाही, घाबरू नका. मी अडीच किलो वर चढवणार नाही. गाडीत ठेवू, उतरल्यावर लागेल.

आता तुमच्या बातम्या. नानांचा गुडघा बदलला ते बरं झालं, पण त्यांना म्हणावं एवढ्यात पर्वती नको. कुंदाताईंच्या सुनेने घर वेगळं केलं यात तू पडू नकोस, आई. मागच्या वेळी पडलीस तर दोघी एक झाल्या आणि तूच वाईट. खालच्या मजल्यावर ब्युटी पार्लर होतंय तर होऊ दे. बाबा, सह्या गोळा करण्याआधी वहिनीला विचारा, ती तिथे अपॉइंटमेंट घेऊन बसलीय.

आणि शंतनूची तारीख! मुलगी चांगली आहे, फोटो पाहिला, दात तुमच्या म्हणण्याइतके काही पुढे नाहीत. ईराच्या शाळेला २० डिसेंबरनंतर सुट्टी लागते, तेव्हाचंच बघा. पौष आडवा येत असेल तर बाबांनी गुरुजींशी बोलावं. गुरुजी ऐकत नसतील तर दुसरे गुरुजी बघावेत, पण विमानाची तिकिटं सप्टेंबरच्या आत काढायला लागतील, नंतर ती स्लीपिंग बॅगेच्या भावाने जातात.

तुमची,
मनू

ता. क. मंदारच्या शेरवानीचं माप जुनंच द्या. तो कमी करतो म्हणालाय.